डोंगरउतारावरची धायटी

मंडळी, पौष महिना लागला की डोंगराकडे एकदा नीट पाहा. पावसाळ्यातले हिरवे गवत वाळून पिवळे पडलेले असते. तेरडा आणि सोनकी केव्हाच संपलेली. पळसाला आणि सावरीला बहर यायला अजून अवकाश असतो. रानाने जणू विसावा घेतला आहे, असा हा काळ. आणि नेमक्या याच वेळी ओढ्याच्या काठावर, मुरमाड उतारावर, घाटरस्त्यासाठी कापलेल्या दरडीवर एक झुडूप तांबडेलाल होऊ लागते. लांब लांब फांद्या कमानीसारख्या वाकलेल्या, पाने बरीचशी गळालेली, आणि फांदीच्या अंगाला चिकटून फुलांचे घोसच्या घोस. हीच आपली धायटी. कोठे तिला धायरी म्हणतात, कोठे धावस म्हणतात. हिंदी मुलखात ती धाय किंवा धवई होते. वैद्यांच्या पोथीत तिचे नाव धातकी. संस्कृतात तिला आणखीही नावे आहेत. ताम्रपुष्पी म्हणजे तांब्याच्या रंगाची फुले असलेली, आणि वह्निज्वाला म्हणजे आगीची ज्वाळा. ज्याने ही नावे ठेवली त्याने माघातला डोंगर डोळे उघडे ठेवून पाहिला असला पाहिजे.

खेड्यातल्या वाचकांना धायटीची ओळख करून द्यायला नको, हे खरे. गुरे राखताना तिचे फूल तोडून बुडाकडचा मध चोखला नाही, असा मुलगा सह्याद्रीच्या कुशीत क्वचितच सापडेल. चुलीला तिची फाटी लावली नाहीत, असे घरही क्वचितच. पण ओळख असणे निराळे आणि किंमत ठाऊक असणे निराळे. “धायटीच ती, तोडली तरी पुन्हा फुटते,” असे आपण सहज म्हणून जातो. ती पुन्हा फुटते, यात शंका नाही. मात्र जुने खोड पुन्हा फुटले म्हणजे रानात धायटी वाढली, असे समजू नये. याच गोष्टीकडे आज तुमचे लक्ष वेधायचे आहे. पण त्याआधी हे झुडूप आपल्याला काय काय देते, त्याचा हिशेब मांडू.

प्रथम फूलच पाहा. गुरुजींनी व बाईंनी एक लहानशी फांदी वर्गात आणावी. पाने समोरासमोर आलेली, भाल्याच्या पात्यासारखी निमुळती, वरून हिरवी आणि खालून पांढुरकी, लवदार. पान उलटे करून उजेडात धरले की खालच्या बाजूला बारीक काळे ठिपके दिसतात. ही धायटीची खूण. झुडपाला फूल नसले तरी हिच्यावरून ते ओळखता येते. खोडाची साल पातळ असते आणि तिचे पापुद्रे सुटतात. उंची साधारण ५ ते १० फूट. पाने आपल्या मेंदीपेक्षा बरीच मोठी, पण धायटी मेंदीच्याच कुळातली. महाराष्ट्राचे राज्यपुष्प तामण तेही याच कुळातले, आणि डाळिंबालाही शास्त्रज्ञ आता याच कुळात बसवतात. लिनिअस या पंडिताने १७५९ साली या झुडपाला एक शास्त्रीय नाव दिले होते. पुढे १८७१ साली त्याला ‘वुडफोर्डिया फ्रुटिकोजा’ हे नाव मिळाले आणि तेच आज चालते. आपल्याकडे कोकणात, घाटमाथ्यावर, मावळात, सातपुड्यात, मेळघाटात ते आढळते. देशाबाहेर नेपाळ, श्रीलंका, म्यानमार, पार समुद्रापलीकडे मादागास्कर बेटापर्यंत त्याचा संसार पसरलेला आहे.

आता एक फूल हातात घ्या. ते फार तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचे, जराशी वाकलेली लाल नळीच जणू. या लाल नळीला आपण पाकळ्या समजतो, पण त्या पाकळ्या नव्हेत. ते फुलाचे बाहेरचे वेष्टन आहे, ज्याला पुस्तकात निदलपुंज म्हणतात. नळीच्या तोंडाला सहा दाते असतात. खऱ्या पाकळ्याही सहाच, पण इतक्या बारीक की भिंग लावून शोधाव्या लागतात. नळीतून बाहेर आलेल्या बारा तारा दिसतात, ते पुंकेसर. मुलांना मोजायला सांगा; मोजलेले विसरत नाही.

हे बारकावे मी उगाच सांगत नाही. फूल जुने झाले तरी हे लाल वेष्टन गळून पडत नाही. ते झाडावर तसेच राहते, आणि त्याच्या पोटात बियांचे बोंड पिकते. म्हणून धायटी कितीतरी आठवडे फुललेलीच दिसते. नवे फूल आणि आत बी धरलेले जुने फूल, दोन्ही लांबून सारखीच लाल. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

हा लाल रंग कोणासाठी? मधमाशीला तांबडा रंग आपल्यासारखा दिसत नाही. पक्ष्यांना मात्र तो चांगला दिसतो. सकाळी ऊन अंगावर आले की फुललेल्या धायटीपाशी पाच मिनिटे न हलता उभे राहा. चिमणीहून लहान, बाकदार चोचीचा शिंजीर येतो, फांदीला उलटा लटकतो आणि नळीत चोच घालतो. मध पिता पिता त्याच्या डोक्याला आणि गळ्याला पराग लागतात, ते तो पुढच्या झुडपावर घेऊन जातो. त्याच्या मागोमाग बुलबुल येतात, डोळ्याभोवती पांढरे कडे असलेले चष्मेवाले येतात. मधमाश्यांना रंग दिसला नाही तरी मधाचा सुगावा लागतोच, त्याही येतात.

येथे वेळेला महत्त्व आहे. पावसाळ्यानंतरची रानफुले संपली आणि पळस, पांगारा, जांभूळ अजून फुलायचे आहेत, अशा मधल्या दिवसांत मध पिणाऱ्या जीवांनी खायचे काय? शेतकऱ्याच्या घरात जुने धान्य संपावे आणि नवे अजून खळ्यात यावयाचे असावे, तशी ती वेळ. त्या वेळी जो शेजारी पायलीभर धान्य देतो त्याचे मोल निराळेच. धायटी रानातला असा शेजारी आहे. ती पौषात फुलू लागते आणि थेट चैत्रापर्यंत थोडेथोडे देत राहते. आता कोणी म्हणेल, शिंजीर जगला काय, न जगला काय, आम्हांला काय त्याचे? पण सातेरी आणि आग्या माशी या दिवसांत तगली, तरच पुढे ती तुमच्या आंब्याच्या मोहोरावर आणि कांद्याच्या बियाण्याच्या गोंड्यांवर येणार. मधपेट्या ठेवणारांना हे सांगायला नको. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. असे गाव एकट्या पेट्यांवर चालत नाही. बारा महिने काही ना काही फुलणारे रान सभोवती असेल, तरच पेटीतल्या माशीला काम मिळते.

दुसरी गोष्ट मातीची. धायटी कोठे उगवते ते पाहा. जेथे माती वाहून गेली, मुरूम उघडा पडला, ओघळीने काठ कापला, रस्त्यासाठी डोंगर तासला, तेथे ती आधी येऊन उभी राहते. तिचे बी तिळापेक्षाही पुष्कळ बारीक. ते वाऱ्याने व पाण्याने जाते आणि दगडाच्या फटीत रुजते. बुंध्यापासून पुष्कळ फांद्या फुटतात, त्या जमिनीकडे वाकतात. पावसाचा टपोरा थेंब थेट मातीवर आपटण्याऐवजी आधी या फांद्यांवर पडतो. खाली गळलेली पाने साचतात, वाहत आलेला गाळ बुंध्याशी अडतो, त्यात गवत धरते, आणि मग त्या सावलीत दुसऱ्या एखाद्या झाडाचे रोप जीव धरते. येथे अतिशयोक्ती मात्र करू नये. माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी जशी दरड कोसळली, तशी दरड थोपविणे झुडपांच्या आवाक्यातले काम नव्हे. पण बांधाची माती दरवर्षी बोटभर जाते, ओघळीची घळ होते, हे जे हळूहळू होणारे नुकसान आहे, ते कमी करण्याचे काम धायटी बिनबोभाट करते. तिला पाणी घालावे लागत नाही, राखण करावी लागत नाही. पाने तुरट असल्यामुळे हिरवा चारा असेतो गुरे सहसा तिला तोंड लावीत नाहीत. शेळ्यांची गोष्ट वेगळी, त्या काय सोडतात?

आता घरातल्या उपयोगाकडे वळू. तुमच्या घरी कधी ना कधी एखादे अरिष्ट किंवा आसव आणलेले असेल. बाळंतिणीसाठी दशमूलारिष्ट, बायकांच्या तक्रारींवर अशोकारिष्ट, पोट बिघडले तर कुटजारिष्ट. पुढच्या वेळी बाटलीवरची यादी वाचा. पुष्कळशा बाटल्यांवर ‘धातकी’ हा शब्द सापडेल. ही धातकी म्हणजे आपल्या डोंगरावरच्या धायटीची वाळलेली फुले. चरकसंहितेत फुलांपासून होणाऱ्या आसवांची जी नावे दिली आहेत, त्यांत मोहाच्या फुलांच्या सोबतीने धातकीचेही नाव आहे. म्हणजे हा उपयोग फार जुना.

ही फुले अरिष्टात कशासाठी घालतात? असे पाहा. काढा नुसता ठेवला तर दोन दिवसांत आंबून वाया जातो. म्हणून जुन्या वैद्यांनी युक्ती काढली. औषधाचा काढा निववायचा, त्यात गूळ किंवा मध घालायचा, धायटीची फुले टाकायची आणि तुपाने माखलेल्या मातीच्या भांड्यात तोंड बंद करून महिनाभर उबेला ठेवायचा. धायटीच्या फुलांत मधाचा अंश असतो, आणि त्या मधावर डोळ्यांना न दिसणारे किण्वाचे जीव वाढलेले असतात. भाकरीच्या नव्हे, पण पावाच्या पिठाला फुगवणारे जे यीस्ट, त्याच जातकुळीतले हे जीव. ते गूळ खातात आणि त्याचे थोड्या मद्यार्कात रूपांतर करतात. हा मद्यार्क साधारणपणे शेकडा ५ ते १० असतो. त्यात औषधी अंश उतरतो आणि औषध वर्षानुवर्षे टिकते. फुलांतला तुरटपणा नको त्या जंतूंना आवर घालतो, तोही फायदाच. आंबण्यामागे जिवंत सूक्ष्मजीव असतात, हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ पासूनच्या काही वर्षांत सिद्ध केले. आपल्या वैद्यांना ते जीव दिसले नव्हते, पण ते कोणत्या फुलावर बसून येतात, एवढे मात्र त्यांनी अनुभवाने हेरले होते.

कुटजारिष्टाचीच यादी घ्या. त्यात कुड्याची साल, मोहाची फुले, शिवण, मनुका, गूळ आणि धायटी. मनुका आणि गूळ सोडला, तर बाकीची चारही आपल्याच रानातली. दुकानात काचेच्या बाटलीतून जे औषध येते, त्याची मुळे तुमच्या गावच्या डोंगरात आहेत, हे मुलांना जरूर सांगावे. मात्र अरिष्टे घरी करण्याच्या भरीस कोणी पडू नये. प्रमाण चुकले तर औषधाऐवजी भलतेच काही तयार होते, आणि मद्यार्काच्या कामाला कायद्याची बंधनेही आहेत. हे काम जाणत्या वैद्याचे व परवानाधारक कारखान्याचे.

धायटीचे फूल तुरट असल्यामुळे जुलाब व रक्तस्राव आवरण्यासाठी वैद्य त्याचे चूर्ण देत आले आहेत. तरी लहान मुलाला जुलाब लागले, की फुलांच्या पुडीवर विसंबून राहू नका. आधी मीठ-साखरेचे पाणी पाजत राहा आणि दवाखाना गाठा. अंगावरून रक्त फार जात असेल, तर त्या बाईलाही डॉक्टरांकडे न्यावे. घरगुती औषध कोठे थांबवावे, हे कळणे हाही शहाणपणाचाच भाग आहे.

धायटीचा आणखी एक जुना धंदा म्हणजे रंगाचा. १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज मुलाने प्रयोगशाळेत जांभळा रंग तयार केला, आणि त्यानंतर कारखान्यातल्या रंगांनी बाजार भरला. त्यापूर्वी आपले रंगारी झाडांच्याच मुळ्या, साली आणि फुले वापरीत. आल या झाडाच्या मुळीने कापड तांबडे करीत, तेव्हा सोबत धायटीची फुलेही वापरली जात. कातडी कमावण्यासाठीही तिची पाने-फुले उपयोगी पडत, कारण त्यांत टॅनिन हा तुरट पदार्थ भरपूर असतो.

शिक्षकांना याचा एक सोपा प्रयोग करून दाखविता येईल. मूठभर वाळलेली फुले रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी अर्धा तास उकळून गाळून घ्या. सुती कापडाचे दोन स्वच्छ तुकडे घ्या. एक तुकडा आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून पिळून ठेवा, दुसरा साधाच ठेवा. दोन्ही त्या पाण्यात उकळा, वाळवा आणि मग साबणाने धुवा. कोणावर रंग अधिक टिकला ते मुलांनी पाहावे. तुरटी ही रंग आणि सूत यांची गाठ बांधून देते, हे सांगून कळण्यापेक्षा असे डोळ्यांनी पाहून चांगले कळते. आता उरलेल्या पाण्यात दोन-तीन गंजलेले खिळे टाकून एक दिवस ठेवा. पाणी काळपट होईल. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळा रंग होतो. हिरड्यासारख्या तुरट फळांपासून शाई करण्याची आपली जुनी रीत याच नियमावर चालत असे. या प्रयोगाला खर्च जवळजवळ नाही. फुलेही झुडपाखाली गळून पडलेली वेचली तरी पुरतात.

झाला एवढा हिशेब पुरे. आता मघाशी सोडलेला धागा पुन्हा हाती घेऊ.

धायटीची फुले विकली जातात. माघ-फाल्गुनात डोंगराकाठची कुटुंबे ती गोळा करतात, वाळवतात आणि व्यापाऱ्याला घालतात. शेतात काम नसते, हातात पैसा नसतो, अशा दिवसांत या फुलांनी घरात मीठमिरची येते. केंद्र शासनाने गौण वनोपजाला किमान भाव देण्याची जी योजना २०१३-१४ मध्ये सुरू केली, तिच्या यादीत पुढे ‘धवई फूल’ या नावाने धायटीचाही समावेश झाला. हे चांगलेच झाले. फुले वेचणे हा गुन्हा नव्हे, ती गरिबाची कमाई आहे. प्रश्न आहे तो ती कशी वेचायची, याचा.

आता ते ध्यानात ठेवायला सांगितलेले आठवा. बी धरलेले जुने फूल आणि नवे फूल, दोन्ही लांबून सारखीच दिसतात. फांदी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ओरबाडली, की फुलाबरोबर पिकत आलेले बोंडही पोत्यात जाते. काही ठिकाणी तर तेवढेही श्रम घेत नाहीत. कोयत्याने फांद्याच खाली पाडतात आणि मग बसल्या जागी फुले झोडून घेतात. त्या फांदीवर पुढच्या वर्षी काय येणार? भातखाचरांत राब भाजणारे लोक हिवाळ्याच्या अखेरीस कवळ तोडतात, त्यातही ही फुललेली झुडपे सापडतात. यातून जे वाचले त्याची गाठ वणव्याशी. “जाळल्यावर गवत चांगले फुटते,” या समजुतीने फाल्गुन-चैत्रात डोंगराला काडी लावली जाते. बोंडे पिकायची वेळ नेमकी तीच.

मग पावसाळा येतो. जळलेल्या, तोडलेल्या बुंध्यातून हिरवे धुमारे फुटतात. आपण म्हणतो, पाहा, धायटी मरत नाही! खरे आहे, म्हातारा बुंधा मरत नाही. पण त्याच्या आसपास नवे रोप उगवले का, ते आपण पाहत नाही. ज्या घरात आजोबा धडधाकट आहेत, पण नातवंड एकही नाही, त्या घराला भरलेले घर म्हणता येईल का? बुंध्यालाही शेवट आहेच. दर वर्षी तोड, दर वर्षी आग, असे चालले तर एके दिवशी तोही फुटायचा थांबतो. त्या दिवशी जागा भरून काढायला रोप नसते. मग तो उतार उघडा पडतो, शिंजीर दुसरीकडे जातो आणि फुले वेचणाऱ्या बाईला पुढच्या वर्षी आणखी एक डोंगर ओलांडावा लागतो. नुकसान सर्वांत आधी तिचेच होते.

तुमच्या गावी काय स्थिती आहे, हे मी येथे बसून सांगू शकत नाही. तुम्ही मात्र एका दुपारात ते ठरवू शकता. पाऊस संपल्यावर, आश्विन-कार्तिकात, शाळेची मुले घेऊन ओढ्याकाठी जा. धायटीचे दहा जुने बुंधे निवडा. प्रत्येकाभोवती दहा पावलांच्या आत गुडघ्याएवढी किंवा त्याहून लहान रोपे किती आहेत, ते मोजा. पान उलटून काळे ठिपके पाहिले की ओळख चुकणार नाही. रोपे पुष्कळ निघाली तर आनंद आहे. एकही निघाले नाही, तर डोंगराने तुम्हांला उत्तर दिले असे समजा. हा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजा. तीन-चार वर्षांची अशी वही गावाच्या हाती असली, की ग्रामसभेत कोणी नुसत्या आवाजाच्या जोरावर बोलणार नाही.

ग्रामसभेचे नाव मुद्दामच घेतले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वनात राहणाऱ्या लोकांना दिला आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला आपले रान राखण्याचे नियमही करता येतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला असा हक्क २००९ साली मिळाला, आणि आपल्या रानाचा कारभार त्या गावाने एकत्र बसून चालविला. हक्क कागदावर आला, की जबाबदारीही त्याच कागदावर येते. धायटीपुरते बोलायचे तर चार साधे नियम पुरे आहेत. फुले हाताने वेचावी, फांदी तोडू नये. प्रत्येक झुडपाचा तिसरा हिस्सा बियांसाठी सोडून द्यावा. वरचे शेंडे सोडले तर वेचणाराचेही श्रम वाचतात. एका उतारावर यंदा वेचणी केली तर पुढच्या वर्षी त्याला विसावा द्यावा. आणि बोंडे पिकेपर्यंत डोंगराला काडी लावू नये. तशी ती कधीच लावू नये. गावाच्या कडेने जाळरेषा काढून ठेवली तर एकाच्या बिडीने सगळ्यांचे रान जळणार नाही.

ज्यांच्या बांधाला, ओघळीला किंवा शाळेच्या कुंपणाला धायटी लावायची आहे, त्यांनी असे करावे. चैत्र-वैशाखात वाळून तपकिरी झालेली बोंडे कागदावर झटकावी. बारीक तपकिरी बी निघेल. पसरट कुंडीत किंवा जुन्या पाटीत चाळलेली माती, वाळू आणि मुरलेले शेणखत सारखे मिसळून भरावे. मृगाच्या सुमारास बी वरचेवर विखुरावे. खोल पुरू नये, नाहीतर बारीक बियाला वर येण्याची ताकद उरत नाही. पाणी झारीनेसुद्धा जपून द्यावे, धारेने बी वाहून जाते. त्यापेक्षा पाटी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी. रोपे बोटभर झाली की एक-एक करून पिशवीत लावावी, आणि पुढच्या पावसाळ्यात ओघळीच्या काठाला, दोन हातांच्या अंतरावर, आडव्या ओळीत लावावी. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून राखली, की पुढे ती आपली आपण पाहते.

एवढे करण्याआधी मात्र या माघात एक छोटे काम करा. शाळेजवळची किंवा शेताकडच्या वाटेवरची चांगली फुललेली दोन झुडपे निवडा. त्यांना लाल फडके बांधा आणि गावात सांगून ठेवा की ही बियाण्याची झुडपे आहेत, यांना कोणी हात लावू नये. आपण जोंधळ्याचे चांगले कणीस बियाण्यासाठी वेगळे काढून आढ्याला टांगतोच ना? तसेच हे. वैशाखात त्या दोन झुडपांखाली जुने धोतर पसरून फांद्या हलवा, आणि जे बी पडेल त्यातले निम्मे पाटीसाठी ठेवून निम्मे जवळच्या उघड्या उतारावर उधळून द्या.